दहा प्रश्नांचा कागद

एप्रिल सरत आला की रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागतात आणि आमच्या बचत गटातल्या बायकांचे हात पुढचा महिना-दीड महिना लालजांभळे असतात. रातांबा फोडायचा, बिया वेगळ्या काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करून परत रसात. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की आमसूल तयार होतं. त्या रसात मूळचा आंबटपणा आणि वर मीठ, त्यामुळे साधा ओरखडा असलेल्या बोटालाही तो झोंबतो. माझ्या तर दोन्ही तळहातांना भेगा होत्या, काही इतक्या खोल की आतलं लाल दिसायचं. रस शिरला की कळ कोपरापर्यंत जायची.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. मला तळहात-तळपायांचा सोरायसिस आहे. या आजाराचे फोटो बघायला गेलं तर पाठभर, पोटभर चट्टे असलेली माणसं दिसतात. ती बघून मला वाटायचं, आपलं काय एवढं मोठं, चार बोटं नि दोन तळवे. डॉक्टरांकडे गेल्यावरही मी असंच बोलायचे. ते तसं नाही हे मला एका छापील कागदाने दाखवलं. त्या कागदाशी माझं पुढे भांडणही झालं. पण ते नंतर.

सुरुवात उजव्या तळहाताच्या मधोमध झाली. कातडी जाड झाली, पांढुरके पापुद्रे सुटायला लागले. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत हात गुळगुळीत, ट्यूब बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त. असल्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड असं तिन्ही कालवलेलं असतं, आणि गुण येतो तो स्टेरॉइडचा, हे मला फार उशिरा कळलं. मग एका डॉक्टरांनी गजकर्ण म्हटलं, दुसऱ्यांनी भांड्यांच्या साबणाची ॲलर्जी. साबण बदलला, राख वापरून पाहिली, शिकेकाईने भांडी घासली. तोवर डावा हातही धरला आणि मग टाचा.

रत्नागिरीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा हात बाजूला ठेवायला सांगून नखं मागितली. नखांवर बारीक खळगे होते, शिंप्याच्या अंगुस्तान्यावर असतात तसे. एका नखाखाली पिवळट डाग होता, तेलाचा थेंब पसरावा तसला. डॉक्टर मंडळी त्याला तेच नाव देतात. मग त्यांनी कानामागे बघितलं, केस बाजूला करून डोकं बघितलं. तिथे एक चट्टा होता आणि मी त्याला इतकी वर्षं कोंडा समजत होते. तळहाताची थोडी खपली खरवडून काचेवर घेतली, औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी नव्हती.

“हा सोरायसिस आहे, ताई. तुमच्याकडून कुणाला लागणार नाही. हातात हात दिला, एका ताटात जेवलात, एका अंथरुणावर झोपलात, तरी नाही.”

त्यांनी समजावलं ते असं: कातडीची पेशी तळाशी जन्मते आणि वर येऊन गळून पडते, या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच चुकीचा हुकूम देते आणि तोच प्रवास काही दिवसांत उरकतो. पेशी धड पिकलेल्या नसतात, एकावर एक साचतात, त्याचेच पापुद्रे. पूर्ण जाईल का, या प्रश्नाला त्यांनी सरळ नाही म्हटलं. ताब्यात राहील, म्हणाल्या. आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माझ्या कामाकडे बघून लगेच पटली. ज्यांना सोरायसिस आहे त्यांना कातडीला इजा झाली की पुष्कळदा त्या इजेच्या जागीच नवा चट्टा उठतो. मला मनगटाच्या आतल्या बाजूला एक लांबट चट्टा होता, तो आंब्याचा चीक उडाला होता तिथलाच. देठ मोडताना चिकाची चिळकांडी उडते, कातडी भाजते, आठ दिवसांत खपली पडते. बाकीच्यांची जाते, माझी तिथेच राहिली.

आता या सगळ्या वर्षांत घरात नि गावात काय झालं ते सांगते, कारण कागदाचा विषय त्याशिवाय कळणार नाही.

गौरींच्या आधी आमच्याकडे बांगड्या भरायला कासारकाकी येतात. पडवीत चटई घालून बसतात, वाडीतल्या सगळ्या बायका गोळा होतात. बांगडी भरायची म्हणजे काकी तुमचा हात स्वतःच्या मुठीत घेतात, अंगठ्याखालचा गड्डा दाबतात, बोटं एकत्र आवळतात आणि गप्पा मारता मारता बांगडी कधी मनगटात गेली कळत नाही. त्या वर्षी त्यांनी माझा हात घेतला, उलटा करून पाहिला, आणि मांडीवर ठेवलेला फडका उचलून आपली बोटं पुसली. मग डझनभर हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून दिल्या. “साबण लावून घरीच घाल गो बाय, तुझा हात दुखंल.” बोलल्या मायेनेच. शेजारी बसलेल्या दोघीजणी मात्र चटईवर सरकल्या. पुढच्या वर्षी मी राजापूरच्या बाजारातून बांगड्या आणल्या. त्याच्या पुढच्या वर्षापासून हातात दोन सोन्याच्या पाटल्या तेवढ्या ठेवल्या, काकी येतात त्या दुपारी मला नेमकं बागेत काम निघतं.

हळदीकुंकवाला कुणाच्या कपाळाला बोट लावायचं म्हणजे समोरच्या बाईची मान किंचित मागे जाते. तिलाही ते कळत नसतं, मान आपोआप जाते. मी करंडा सुनेच्या हातात द्यायला लागले, मग जाणंच कमी केलं.

गणपतीत उकड मळायला तेलाचा हात लागतो. आमच्या घरात एकवीस मोदक नैवेद्याचे आणि माणसांचे मोजायचे नाहीत. मोठ्या जाऊबाईंनी एका वर्षी माझ्यासमोरची परात अलगद स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, “तू नारळ खव, तुझ्यासारखा बारीक चव कुणाला पाडता येत नाही.” खोबरंही त्याच मोदकात जाणार हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि मीही ते बोलून दाखवलं नाही. गटातही असंच. भरणी आणि पाकीट भरायच्या कामावरून मला हिशेबाला बसवलं. “तुझं अक्षर चांगलं आहे.” माझं अक्षर मलाच लागत नाही. पण गिऱ्हाईक दारात आलं, त्याने हात पाहिले आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली परत ठेवली, हेही एकदा घडलं होतं, तेव्हा त्या बायकांना तरी काय बोलणार.

रेशन दुकानातली गंमत वेगळी. मशीनवर अंगठा उठत नाही. बोटांच्या टोकांची कातडी सोललेली, मग रेषा येणार कुठून? “पदराने पूस.” पुसला. “दुसरं बोट.” दहाही बोटं झाली. मागची रांग वाढते, कुणीतरी म्हणतं, त्यांना बाजूला घ्या, आमचं होऊ दे. पुढे डोळ्याने ओळख पटवायची सोय झाली आणि माझा प्रश्न मिटला. तोवर दर महिन्याला ह्यांना काम टाकून यावं लागायचं.

उपाय तर विचारू नका. सासूबाईंच्या मते दूध आणि मासे एकत्र झाल्याचा हा दोष. त्यांच्या ओळखीच्या वैद्यांनी मासे पूर्ण बंद करायला सांगितले. खाडीकाठच्या घरात मासे बंद! वर्षभर मी मुळे, तिसऱ्या, सौंदाळे सगळं फक्त शिजवलं. हे जेवताना बांगड्याचा तुकडा भाताखाली लपवायचे. हाताला काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मासे खा, वजन वाढू देऊ नका, दारू-सिगारेट या आजाराला वाईट आहे. मी म्हटलं, दारू-सिगारेटचं ह्यांना सांगा, मासे मी आजपासून खाते.

राजापूरजवळ उन्हाळे गावात गरम पाण्याचं कुंड आहे. आमच्याकडे कातडीचं काहीही झालं की लोक तिथे अंघोळीला पाठवतात. मीही गेले. पाण्यात हात घातला तेव्हा खाज खरंच थांबली, इतकं बरं वाटलं की बाहेर निघवेना. रात्री कातडी वाळून दुप्पट फुटली. गरम पाण्याने कातडीचं तेल निघून जातं, तसं ते होणारच होतं. कुंडावर मला जे लक्षात राहिलं ते निराळंच: अंगाला काही ना काही झालेल्या बायकाच तिथे येतात, आणि तरी माझे हात बघून एक बाई पायरीवरून उठल्या.

घरच्या सगळ्या उपायांत टिकला तो कोकमाच्या बियांच्या तेलाचा, मालवणकडे ज्याला भिरंडेल म्हणतात. गोळा गरम करायचा आणि भेगेत भरायचा. रोग जात नाही, पण भेग बुजते, चालताना टाच ओढत नाही. डॉक्टरबाईंनीही ते सोडू नका म्हणून सांगितलं.

त्यांनी दिलेले उपचार सुरुवातीला वरून लावायचेच होते. खपली मऊ करायला सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, त्यावर रात्री कडक स्टेरॉइडचं मलम, त्यावर जाड व्हॅसलीन आणि सुती हातमोजे. स्टेरॉइड किती दिवस आणि मग किती कमी करायचं ते लिहून दिलं होतं, कारण ते उगाच लावत राहिलं तर कातडी पातळ होते. ऐकायला सोपं आहे. मे महिन्यात, कोकणातल्या त्या घामात, वीज गेलेली असताना हातमोजे घालून झोपून बघा. डास मारता येत नाही. रात्री कडी काढता येत नाही. फोन बोटाला ओळखत नाही. ह्यांनी एकदा अंधारात माझा हात धरला आणि दचकून सोडला, मग आम्ही दोघं हसलो. पण त्या हसण्यात थोडं दुसरंही काही होतं. हातमोजे यायच्याही आधीपासून मी रात्री कूस बदलून झोपत होते. खरखरीत हाताने माणसाला जवळ घ्यायचं कसं, हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता.

दिवसा कामाला रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती. नुसते रबरी घातले तर आत घाम साठतो आणि तोच चावतो. हे सुती अस्तराचं ज्यांना माहीत नाही त्यांनी लक्षात ठेवा, मला त्याचा उपयोग झाला.

मलमांनी थोडा फरक पडायचा आणि हंगाम आला की पुन्हा होतं तिथे. मी तक्रार करत नव्हते. “कसं आहे?” “बरंय.” त्या एका मे महिन्यात डॉक्टरबाईंनी माझ्या ‘बरंय’वर विश्वास ठेवायचं बंद केलं आणि सिस्टरना म्हणाल्या, यांना तो कागद भरायला द्या.

कागदावर दहा प्रश्न होते. सगळ्यांची सुरुवात एकच, ‘गेल्या आठवड्यात’. खूपच असेल तर ३, बराच असेल तर २, थोडा असेल तर १, अजिबात नसेल किंवा लागू नसेल तर शून्य. एकूण ३० पैकी. मी चष्मा विसरले होते, म्हणून सिस्टर वाचून दाखवत होत्या.

पहिला प्रश्न खाज, आग, दुखणं यांचा. आमसुलांचा हंगाम चालू होता, ३. दुसरा लाज वाटते का याचा. मी जरा थांबले. सिस्टर म्हणाल्या, “पदराखाली हात घेऊन बसलाय तुम्ही, ताई.” ३. तिसरा बाजारहाट, घर किंवा बाग सांभाळण्याचा. “बाग आहे?” “हापूसची चाळीस कलमं आहेत.” त्या हसल्या, कागद करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कुंड्या असाव्यात. ३. कपड्यांचा १. लोकांत मिसळण्याचा २. खेळांचा प्रश्न आला. या वयात कसला खेळ, लागू नाही, शून्य. कामाचा प्रश्न जरा वेगळा होता: कातडीमुळे काम करता आलं नाही असं झालं का? हो म्हटलं तर तीन. आठवडाभर मी हिशेबाच्या वहीशी बसून होते. तीन. नवरा, मैत्रिणी, नातेवाईक, २. नववा प्रश्न सिस्टरनी आवाज खाली घेऊन वाचला, नवरा-बायकोच्या संबंधांचा. पाठीमागच्या बाकावर आमच्याच बाजूचे एक गृहस्थ बसले होते. मी म्हटलं, लागू नाही. शेवटचा, उपचारांचाच किती त्रास होतो, वेळ जातो, घरात राडा होतो? व्हॅसलीनने माखलेल्या उशा आठवल्या. २.

बेरीज १९ झाली.

डॉक्टरबाईंनी माझ्याच तळहाताने मला हिशेब समजावला. आपला स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे आपल्या अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. दोन हात, दोन तळपाय, डोक्यावरचं थोडं, सगळं धरूनही माझा आजार फार तर चार-पाच टक्क्यांत बसत होता. क्षेत्रफळ बघितलं तर मी सौम्य रोगी. पण त्यांच्याकडे एक दहाचा नियम आहे: अंगाचा दहा टक्क्यांहून जास्त भाग, किंवा चट्ट्यांची लाली-जाडी-खपली मोजायचा पासी नावाचा आकडा दहाच्या वर, किंवा या कागदावर दहाहून जास्त गुण. तिन्हीतलं एक जरी असलं तरी आजार तीव्र धरायचा. “तुमचा तीव्र आहे, ताई. नुसत्या मलमावर तुम्हाला ठेवणं बरोबर नाही.”

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. रोग तीव्र निघाल्याचा आनंद कुणाला होतो? पण इतकी वर्षं मी स्वतःलाच नाटकी समजत होते, दोन तळव्यांचा एवढा काय बाऊ. आता तो आकडा होता, आणि तो मी काढलेला नव्हता.

घरी येताना एसटीत मात्र डोकं चालायला लागलं. खेळ, शून्य. का? फुगडी मी सोडून सहा-सात गणपती झाले असतील. हळदीकुंकवाला जाणं बंद केलं, म्हणून गेल्या आठवड्यात तिथे मला काही त्रास झाला नाही. कासारकाकींच्या समोर बसले नाही, म्हणून कुणी बोटं पुसली नाहीत. परातीला हात लावत नाही, म्हणून कुणी ती ओढून घेत नाही. माणूस जेवढं जास्त सोडून देईल तेवढा कागद त्याला बरा समजणार! सगळंच सोडून घरात दार लावून बसलेल्या बाईला किती गुण पडतील? मला हे इतकं खटकलं की पुढच्या भेटीत मी डॉक्टरबाईंशी त्यावरून वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं. हा कागद १९९४ साली वेल्समधल्या कार्डिफ शहरातल्या फिन्ले आणि खान या दोघांनी तयार केला, जगभर वापरतात, कारण दोन मिनिटांत भरून होतो, असं त्या म्हणाल्या. “तुमचं म्हणणं खोटं नाही. म्हणून मी आकडा बघते आणि पेशंटशी बोलतेसुद्धा. तुम्ही बोलतच नव्हता.”

पुढचा उपाय काय, यावर दोन मार्ग होते. एक फोटोथेरपी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण ठरावीक मात्रेत कातडीवर सोडायचे. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. औषध पोटात जात नाही हा त्याचा मोठा फायदा. पण आमच्या गावापासून राजापूर, तिथून रत्नागिरी, मिनिटभराच्या किरणांसाठी अख्खा दिवस. बायकांना अर्धं तिकीट असलं तरी दिवस अर्धा होत नाही. शिवाय तळव्याची कातडी जाड, तिथे किरणांचा गुण उशिरा येतो. उन्हातच बसले तर चालेल का, मी विचारलं, कोकणात उन्हाला काय तोटा. सकाळचं थोडं ऊन चालेल, भाजेपर्यंत बसलात तर चिकासारखंच होईल, असं उत्तर मिळालं. नवी बायोलॉजिक इंजेक्शनंही असतात. त्यांची किंमत ऐकून ह्यांनी खुर्चीतच विषय मिटवला.

दुसरा मार्ग मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटून जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरबाईंनी वार लिहायला लावला. मी रविवार सांगितला. त्यांनी चिठ्ठीवर ‘रविवार’ लिहून त्याभोवती लाल पेनाने दोन गोल केले, मेडिकलवाल्याला पाकिटावरही लिहायला सांगितलं. सोबत फॉलिक ॲसिड, ते दुसऱ्या वारी. सुरू करण्याआधी रक्त, यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे. नंतरही ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं. दारू अजिबात नाही. या गोळीवर असताना दिवस राहणं बाळाला घातक, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट बोलणं झालं, ह्यांच्यासमोर. हे छताच्या पंख्याकडे बघत होते. नववा प्रश्न तिथे आपोआप निघाला. डॉक्टरबाईंनी ह्यांनाच विचारलं, “हातांना हात लावायला भीती वाटते का?” हे म्हणाले, “मला नाही. तीच लावू देत नाही.” मला हे माहीत नव्हतं. म्हणजे ते असं बघतात हे माहीत नव्हतं.

बाकावर भेटलेल्या एका बाईंची गोष्ट इथेच सांगून टाकते. त्यांना कुणीतरी पुड्या आणून दिल्या होत्या, आत काय ते लिहिलेलं नाही. पंधरवड्यात अंग स्वच्छ झालं. पुड्या संपल्या आणि सगळं अंग लालबुंद होऊन सोलायला लागलं, हुडहुडी भरली, दवाखान्यात दाखल करावं लागलं. पुड्यांत स्टेरॉइड असणार, असं तिथल्या डॉक्टरांचं मत पडलं. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस असा उसळू शकतो. आमच्या वाडीतही असल्या पुड्यांची चौकशी चालते, म्हणून सांगितलं.

रविवारी रात्री गोळी, सोमवारी तोंडाला चव नाही आणि मळमळ. मग गोळी जेवणानंतर झोपताना घ्यायला लागले, तेव्हा निभावलं. पहिला महिना काहीच फरक दिसला नाही. पाऊस सुरू झाला. लावणीला उतरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं: तळपायांना भेगा, शेतात साचलेलं पाणी, आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा ताप असतोच, तो फुटलेल्या कातडीतून आत शिरतो. त्यात ही गोळी प्रतिकारशक्ती थोडी दाबते. ताप आला तर गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा. जन्मात पहिल्यांदा मी बांधावर छत्री घेऊन उभी राहिले आणि लावणी बघितली. जावा चिखलातून टोमणे मारत होत्या, “वैनी आता मालकीण झाली.”

श्रावणाच्या सुमाराला एका सकाळी भांडी घासताना लक्षात आलं की आपण हात झटकत नाही आहोत. पापुद्रे कमी झाले होते. कातडी गुलाबी, नवी, जराशी ताणलेली. टाचा मागे होत्या, पण उभं राहताना भिंत धरावी लागत नव्हती. बोटांचे सांधे सकाळी आखडतात का, सुजतात का, हे डॉक्टरबाई दर वेळी दाबून बघतात, कारण या आजारात काहींचे सांधेही धरतात. माझे अजून ठीक आहेत.

गौरींच्या वेळी पुतण्याची नवी बायको ओवशाला, म्हणजे नव्या सुनेने गौरीपुढे सूप वाहायच्या विधीला, आली होती. मुंबईची मुलगी, सूप कसं धरायचं हेच तिला माहीत नव्हतं, सगळ्यांना विचारत होती. मोदक जाऊबाईंनीच वळले, मी मागितलेही नाहीत, नारळ खवला. रात्री जागरणाला फुगड्या सुरू झाल्या तेव्हा ती सून अंगणातून सरळ माझ्याकडे आली आणि दोन्ही हात फुली करून पुढे केले. “काकी, चला.” तिला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही तिने मनावर घेतलं नसावं. मी हात दिले. फुगडीत हात सैल धरून चालत नाही, सुटला तर दोघी भिंतीवर. आम्ही चांगल्या गरगरलो. जाऊबाई ओरडत होत्या, “अगो हात, हात!” थांबलो तेव्हा अंगठ्याखाली जुनी भेग पुन्हा उघडली होती आणि तिच्या मनगटावर माझं थोडं रक्त लागलं होतं. तिने ते ओच्याला पुसलं आणि दुसरी जोडीदारीण शोधायला गेली.

गौरी-गणपती गेल्यावर तपासणीची तारीख होती. सिस्टरनी तोच कागद काढला. या वेळी चष्मा होता, मी स्वतःच भरला. खाज १. लाज १. घर-बाग १. कपडे शून्य. लोकांत मिसळणं १. सहाव्या प्रश्नाशी मी थांबले.

“सिस्टर, फुगडी खेळात धरतात का?”

त्यांनी आतल्या दाराकडे बघून हाक मारली, “मॅडम, फुगडी धरायची का खेळात?”

आतून आवाज आला, “खेळली आहेत?”

“हो म्हणतायत. हात फाटला म्हणतायत.”

“मग धरा की.”

मी २ लिहिले. कामाला १, नातेवाइकांना शून्य, नवव्याला १ आणि उपचारांना १. बेरीज ९ आली. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, फुगडी नसती तर सातच झाले असते. मी म्हटलं, असू देत नऊ. त्यांनी अंगठ्याखालच्या भेगेवर लावायला मलम लिहून दिलं, रविवारची गोळी आहे तशीच चालू ठेवली, आणि दसऱ्याच्या आत रक्त तपासून यायला सांगितलं.